फटाक्याला भिणाऱ्या बाईचा नेम

माझ्या सासरी माझ्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, मी भरतकामात पटाईत आहे. दुसरी, मी साध्या फटाक्यालाही घाबरते. दोन्ही धादांत खोट्या. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोह्यांच्या बशा पुढं करता करता माझ्या आईनंच त्या सांगितल्या होत्या.

खरी गोष्ट अशी की कोल्हापूरला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते आणि बारीक गोळीची रायफल चालवायचे. पॉइंट टू-टू. पालथं झोपून, कोपरं जमिनीला टेकून, एक डोळा मिटून. आमच्या बटालियनमध्ये मुलींत माझ्यासारखा नेम कुणाचा नव्हता, हे मी म्हणत नाही, आमचे हवालदार म्हणायचे. त्याचा एक कपही मिळाला होता. पाहुणे येणार त्या दिवशी आईनं तो कप शेवयांच्या डब्यात, शेवयांच्या खाली पुरून ठेवला. म्हणाली, "बंदूक चालवणारी सून कोण करून घेणार गं? उद्या सासूवरच रोखेल म्हणतील." आणि कपाच्या जागी मामेबहिणीनं भरलेला टेबलक्लॉथ मांडला. आंब्याच्या फांदीवर दोन हिरवे पोपट, लाल चोची. पाहुण्यांनी पोपटांचं कौतुक केलं. आई वर म्हणते कशी, "स्वभावानं अगदी गरीब आहे हो. दिवाळीत सुद्धा कानात बोटं घालून बसते."

मी तेव्हा तोंड उघडलं नाही. मुलगा मला आवडला होता, त्याला काय करणार?

तर ते पोपट माझ्याबरोबर कुवेतला आले. हे तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते, मी लॅबमध्ये. तेव्हा टीव्हीवर काहीतरी झाकण घालायची पद्धत होती, म्हणून पोपट टीव्हीवर चढले. घरी येणारी प्रत्येक बाई विचारायची, "तुम्ही भरलेत?" आणि हे मोठ्या अभिमानानं म्हणायचे, "हिनंच." मी हसायचे. दुसरं काय करणार होते?

आता जळण्याची गोष्ट सांगते.

यांच्याकडं एक वयस्कर कुवेती पेशंट यायचे. शहरापासून लांब, वाळवंटातल्या वफ्र्याला त्यांचा मोठा मळा होता, खजूर, टोमॅटो, काकड्या. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळं हिंदी बोलायचे आणि बायकांना सरळ "बाई" म्हणायचे. त्यांचा उजवा खांदा सारखा दुखायचा. एकदा खांद्यावरचा काळानिळा डाग बघून यांनी विचारलं, तर ते शिकारीचे शौकीन निघाले. दोन नळ्यांची नवी कोरी बंदूक घेतली होती आणि ती प्रत्येक बारामागं खांदा कुटून काढत होती.

हे घरी येऊन मला सांगत होते. मी भाकऱ्या थापत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "खांद्याला लावायचा दस्ता लांब असेल. बंदूक त्यांच्या मापाची नाही."

हे खो खो हसले. "बंदुकीला काय ब्लाउजसारखं माप असतं होय?"

मी भाकरी उलटली. पुढच्याच आठवड्यात हे उड्या मारत घरी आले. पेशंट यांना घेऊन बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं म्हणे पेशंटना डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला सांगितले. डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक मणी, बरोबर समोर दिसली पाहिजे, मान वाकवावी लागता कामा नये. तशी दिसली तर ती बंदूक तुमची. यांच्या पेशंटची मान बगळ्यासारखी पुढं येत होती. मग शुवैखमधल्या एका कारागिराकडून दस्ता दोन बोटं कापून घेतला, मागं रबर बसवलं आणि खांदा राहिला की दुखायचा!

"अगं, बंदुकीला माप असतं!" हे मला सांगत होते. मला!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार कुठल्या तोंडानं? फटाक्याला घाबरणारी बाई मी.

खांदा बरा झाला आणि यांचं नशीब उघडलं. हे पेशंटचे मित्र झाले, आणि मळ्याचे मालक म्हणून त्यांना आम्ही "मालक" म्हणायला लागलो. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांची लांबलचक गाडी खाली यायची आणि हे टोपी घालून वफ्र्याला. बंदुका त्यांच्या, लायसन त्यांचं, गोळ्या त्यांच्या. आपल्यासारख्या परदेशी माणसाला तिथं बंदूक बाळगणं शक्यच नव्हतं. पाहुणा म्हणून मालकांच्या मळ्यावर, त्यांच्या देखत काय चार बार काढाल तेवढेच. पण तेवढे तरी यांच्या वाट्याला आले ना! ज्यानं आयुष्यात बेचकीसुद्धा धड धरली नव्हती, त्याच्या. आणि मी घरी बसून छोले भिजत घालायचे. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसं. माझ्याकडं चणेही होते, दातही होते, फक्त तोंड शिवलेलं होतं.

संध्याकाळी हे परत आले की कपड्यांना बारुदाचा वास यायचा. मी शर्ट धुवायला घेताना नाकाशी धरायचे. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या शर्टाला कसला वास येतो म्हणून जळतात, मी बारुदाच्या वासानं जळत होते. मग जेवताना प्रवचन. श्वास कसा धरायचा, माशी कुठं ठेवायची, चाप कसा ओढायचा. सगळं चूक. चाप ओढायचा नसतोच मुळी. आमचे हवालदार म्हणायचे, "पोरींनो, लिंबू पिळता तसा पिळा, बी पडू न देता." हे सांगायचे, "एकदम झटका द्यायचा!" मी मनात म्हणायचे, द्या, द्या झटका, आणि मारा वाळूला. आणि वर यांची तक्रार, "ती छोटी रायफल आहे ना, ती जरा डावीकडं ओढते." नाचता येईना अंगण वाकडं!

एकदा होले मारून आणले, ते पारव्यासारखे पक्षी. चांगली पिशवीभर. "मी मारलेत," म्हणाले, "छऱ्याच्या हवेच्या बंदुकीनं. झाडावर बसलेले." कौतुकानं रस्सा केला, कोल्हापुरी, आमच्या पद्धतीचा. जेवताना माझ्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. काढून बघितलं तर शिशाचा दाणा. गोल. अगदी गरगरीत गोल. हवेच्या बंदुकीचा छर्रा कधी गोल नसतो, तो मध्ये दबलेला असतो, डमरूसारखा. गोल दाणे असतात काडतुसातले. म्हणजे होले मारले होते मालकांनी त्यांच्या दोन नळ्यांच्या बंदुकीनं, आणि फुशारकी होती आमच्या यांची.

"काय गं, खडा लागला?" यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि दाणा ताटाच्या कडेला ठेवला. मला इतका राग आला होता की मी घास ताटातच फिरवत राहिले. खोटं बोलल्याचा राग नव्हता तो. खोटं तर मीही बोलत होते, रोज, टीव्हीवर पोपट पसरून. राग याचा होता की ह्यांना खोटं बोलून का होईना, शिकारी म्हणवून घेता येत होतं.

मग वसंत आला. तिकडचा वसंत म्हणजे वाळवंटावर चार दिवस हिरवी लव आणि पिवळी फुलं. मालकांनी आम्हाला कुटुंबासकट मळ्यावर बोलावलं. आम्ही दोघं, आमची शाळेत जाणारी मुलगी, आणि शेजारचं डॉक्टरांचं जोडपं. डॉक्टर मूळचे पुण्याचे. त्यांची बायको दिसायला देखणी, बोलायला गोड, आणि प्रत्येक वाक्याला "इश्श" लावणारी. मला ती आधीपासून आवडत नव्हती, उगाच कशाला लपवू?

मळ्याच्या मागं वाळूचा उंच बांध होता. त्याच्या पुढं पावडरीच्या दुधाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. सतरंजीवर मालकांच्या बंदुका. ती कापलेल्या दस्त्याची दोन नळ्यांची, एक हवेची, आणि तिसरी... तिसरी बघून मी सतरंजीशीच थांबले. जुनी, मागं खेचायच्या खटक्याची पॉइंट टू-टू. दस्त्याचं लाकूड हाताळून हाताळून काळं झालेलं. हुबेहूब आमच्या कॉलेजची. माहेरचं माणूस परक्याच्या ओसरीवर बसलेलं दिसावं तसं झालं मला.

आणि ती उचलली कुणी? आमच्या यांनी. आणि दिली कुणाला? शेजारणीला.

"भावजी, मला जमेल का हो?"

"न जमायला काय झालं वहिनी? मी आहे ना!"

मी आहे ना! हे तिच्या मागं उभे राहिले. तिच्या कोपराखाली हात धरला. तिच्या कानाशी वाकून माशी दाखवायला लागले. तिचा नवरा खजूर खात बघत होता, त्याला काही नाही. मला मात्र पायाच्या अंगठ्यापासून शेंडीपर्यंत आग लागली. आता कुणी विचारेल, नवरा दुसऱ्या बाईला चिकटून उभा होता म्हणून जळत होतीस, की बंदूक तिच्या हातात होती म्हणून? खरं सांगू? तिच्या कोपराखालचा हात मी माफ केला असता. तिनं रायफल धरली होती ती मात्र बघवत नव्हती. दस्ता खांद्यात न बसवता दंडावर, गाल लांब, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. धाड! गोळी कुठल्या कुठं. "इश्श, बाई!" आणि सगळे हसले.

मी पुढं सरकले. न ठरवता पाय उचलले गेले. तर हे वळून काय म्हणाले माहीत आहे? अगदी मायेनं म्हणाले, हं. "अगं तू मागं थांब. गाडीत बस हवं तर. तुला आवाज सहन होत नाही ना." आणि खिशातून कापूस काढला. माझ्या कानांसाठी म्हणून घरून आणलेला.

त्या कापसानं माझा घात केला. ते रागावून बोलले असते तर मी मागं फिरले असते. पण हा माणूस इतकी वर्षं एका खोट्या बाईची काळजी घेत होता, आणि मी शेजारी उभी राहून त्या खोट्या बाईवर सुद्धा जळत होते. तिलाच मिळत होतं सगळं. कौतुक तिला, कापूस तिला.

"आणा इकडं," मी म्हटलं. कापूस नव्हे, रायफल.

पदर खोचला आणि साडीसकट वाळूत पालथी झाले. डॉक्टरीणबाई "अय्या" म्हणाली. दस्ता खांद्याच्या खळग्यात गेला, गाल लाकडाला लागला, आणि मला काही आठवावं लागलं नाही. लॅबमध्ये रोज एका डोळ्यानं मायक्रोस्कोपमधून बघतच होते की. श्वास अर्धा सोडला. लिंबू पिळलं.

चुकला. डब्याच्या डावीकडं धूळ उडाली.

"घाबरू नकोस," हे मागून म्हणाले.

पण मी धूळ बघत होते. मी नेम बरोबर धरला होता, ते मला ठाऊक होतं. म्हणजे रायफल खरंच डावीकडं ओढत होती. अंगण खरंच वाकडं होतं! इतके शुक्रवार मी मनात यांना हसत होते, आणि या एका बाबतीत बिचारे खरं बोलत होते. मी माशी डब्याच्या उजव्या कडेला ठेवली आणि पुन्हा पिळलं. डबा उडाला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. ओळीतला शेवटचा डबा पडेपर्यंत मी थांबले नाही, आणि मागं कुणी "इश्श" सुद्धा म्हणालं नाही.

उठले तेव्हा कोपरं सोलली होती, साडीत ही वाळू. मालक जवळ आले, पडलेल्या डब्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ये बाई तो शिकारी है!" मग यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपने सिखाया?"

हे माझ्याकडं बघत होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता विचारतील. पण यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "हां... थोडा थोडा."

थोडा थोडा! काय वाटलं म्हणून सांगू. इतकी वर्षं दडवून ठेवलेली माझी एकुलती एक वस्तू बाहेर काढली, तर ती उचलून यांनी स्वतःच्या खिशात घातली. होल्यांसारखीच.

परतीच्या वाटेवर आमच्या गाडीत आम्ही तिघंच. वफ्र्याचा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "ममा, हू टॉट यू?" आमची मुलगी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच बोलायची.

"कॉलेजात शिकले," मी म्हटलं. "कोल्हापूरला. लग्नाच्या आधी. कप मिळाला होता मला."

"पप्पा, यू न्यू?"

यांनी गाडीचा वेग वाढवला.

पुढचा शुक्रवार आला, गाडी खाली आली, आणि हे म्हणाले, खांदा दुखतोय. खांदा! दुसऱ्यांचे खांदे बरे करणारा माणूस. वर मालकांचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला होता, "बाई को जरूर लाना." तो ऐकून यांचं तोंड आणखी उतरलं. मग घरात अबोला असा नाही, पण मोजकं बोलणं. जेवताना श्वासाचं प्रवचन नाही, माशी नाही, चाप नाही. मी आमटी वाढता वाढता ओळखलं. अगदी हेच मला होत होतं. ताटातला घास फिरत राहणं, दुसऱ्याच्या हातातली वस्तू डोळ्यांसमोरून न हलणं. आता ते जळत होते. आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन दिवस मला बरं वाटलं. जळू देत की जरा. मी इतके महिने जळले तेव्हा कुणी पाणी ओतलं होतं? पण मग त्या बडबडीशिवाय जेवण अळणी लागायला लागलं. आणि एक भीतीही वाटायला लागली, की ह्यांनी आता बंदूक सोडली तर मला कोण घेऊन जाणार? गाडी मला येत नव्हती. यांच्याशिवाय वफ्रा मला चंद्राइतका लांब.

एका संध्याकाळी हे टीव्ही लावायला उठले. टेबलक्लॉथची पुढं लोंबणारी कड वर करायला हात घातला आणि तसेच थांबले. पोपटांकडं बघत.

"मग हे कुणी भरले?"

"मामेबहिणीनं."

"तुला येत नाही?"

"बटणसुद्धा वाकडं लागतं माझं. बघितलं नाहीत कधी?"

"आणि पोहे? त्या दिवशीचे?"

"ते मीच केले होते."

"ते खारट होते," हे म्हणाले, आणि बातम्या न लावता आत निघून गेले. मी पोपटांसमोर बसून राहिले. वाटलं, संपलं. आता हा माणूस माझ्या एकेका गोष्टीचं लाकूड ठोकून बघणार, आत पोकळ आहे का म्हणून.

शुक्रवारी सकाळी उठून बघते तर टीव्ही उघडा. खाली गेले. आमच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर टेबलक्लॉथ, चौघडी घालून ठेवलेला. हे गाडीची काच पुसत होते.

"कोपरं सोलली होती ना तुझी," म्हणाले. "खाली अंथरायला."

वफ्रा येईपर्यंत तोंड फुगलेलंच होतं, उगाच देवमाणूस झाले असं नाही. मळ्यावर डबे मांडलेले होते. यांनी टेबलक्लॉथ झटकला, वाळूत पसरला, पोपट वरच्या बाजूला येतील असा. रायफल उचलून माझ्या हातात दिली. मालक उभे होते, त्यांच्याकडं वळून हे म्हणाले, "उस दिन मैं झूठ बोला. मैंने कुछ नहीं सिखाया. इसको पहले से आता है. मुझसे बहुत अच्छा आता है."

मी पालथी झाले, पोपटांवर कोपरं टेकली, गाल दस्त्याला लावला. माशी कुठं ठेवायची ते मला ठाऊक होतं, उजव्या कडेला. पण डबाच दिसेना. डोळ्यात पाणी आलं की माशी दिसत नाही, हे आमच्या हवालदारांनी कधी शिकवलं नव्हतं. पहिली गोळी साफ वाया गेली.

"सावकाश," हे मागून म्हणाले. "लिंबू पिळल्यासारखं, असं बडबडलीस ना रात्री झोपेत?"